१९व्या शतकात नेपल्सला जाणारे श्रीमंत प्रवासी शहराची चित्रं का विकत घ्यायचे?

फोटो नव्हते, हे कारण आहेच. १८१५ला नेपोलियनची युद्धं संपली आणि इंग्रज, जर्मन, रशियन प्रवासी पुन्हा इटलीत येऊ लागले. मोठं तैलचित्र घरी न्यायचं म्हणजे खर्च आणि कटकट. नेपल्सच्या चित्रकारांनी त्यावर छान तोड काढली: गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंगांत कागदावर काढलेली छोटी चित्रं. किंमत कमी, रंग लवकर वाळणारा आणि सामानात सहज मावणारी.

नीट पाहिलीत तर बऱ्याच चित्रांना काळी चौकट रंगवलेली दिसते आणि खाली जागेचं नाव. ज्वालामुखीच्या उद्रेकाचं चित्र असेल तर तारीखही. नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा १८२२चा उद्रेक तर फार लोकप्रिय. मला रात्रीची दृश्यं सगळ्यात आवडतात: एकीकडे थंड चांदणं, दुसरीकडे लाव्हाचा लाल उजेड, आणि दोन्ही खाडीच्या पाण्यात उतरलेले. एकच दृश्य पुन्हापुन्हा काढलं जायचं, म्हणून काही जण त्यांना दुय्यम मानतात. मला ते पटत नाही, त्यातली काही फार कसबी हातांची आहेत.

शतकाच्या उत्तरार्धात जॉर्जियो सॉमरसारख्या छायाचित्रकारांचे फोटो नेपल्समध्ये विकले जाऊ लागले आणि या चित्रांची मागणी घटली.