बाळंतपणाच्या खऱ्या कळा कशा ओळखायच्या आणि जोर कधी लावायचा?

खोटी कळ बहुधा पोटात पुढेच आवळते. कूस बदलली, पाणी प्यायलं की विरते. खरी कळ अनेकदा कमरेतून निघून ओटीपोटात उतरते. पोट इतकं कडक होतं की बोट रुतत नाही. 40-60 सेकंदांनी सैल पडतं. घड्याळ लावा, एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. कळा दर 5 मिनिटांवर आल्या की पहिलटकरणीने दवाखान्यात निघावं. पण खानापूरच्या (बेळगाव जिल्हा) जंगलपट्ट्यात, त्यात पावसाळा असेल तर 10 मिनिटांवरच 108 ला (रुग्णवाहिकेला) फोन लावा. अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, बाळ कमी हललं तर कळांची वाट बघूच नका.

शेवटी संडासला लागल्यासारखा दाब येतो. तरी गर्भपिशवीचं तोंड पूर्ण (10 सेंमी) उघडल्याचं नर्स सांगेपर्यंत जोर नको. आधीच जोर लावला तर ते तोंड सुजतं, बाई उगाच दमते. तोवर फू-फू श्वास सोडा.