सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला माणूस संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी पोहोचू शकतो का?

हो. रीटा कोलवेल यांचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या. पर्ड्यू विद्यापीठातून जिवाणूशास्त्राची पदवी घेतली, पण पुढच्या फेलोशिपला नकार मिळाला, कारण त्या बाई होत्या! शेवटी वॉशिंग्टन विद्यापीठातून १९६१ मध्ये समुद्री जिवाणूंवर पीएच.डी.

त्यांचं मोठं काम कॉलराचं. साथ नसताना हा जंतू जातो कुठे? तो खाडीच्या पाण्यातच राहतो, प्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांना) चिकटून, आणि कित्येकदा प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही, तरी जिवंत असतो. सुरुवातीला फारसं कुणी मानलं नाही. पण जंतू प्लवकांना चिकटत असेल, तर प्लवक अडवले की जंतूही अडतात ना? मग बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांनी जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या करून घागरीच्या तोंडावर धरून पाणी गाळलं. जुनीच साडी, कारण धुऊन धुऊन धागे फुलतात आणि भोकं बारीक होतात. २००३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. (आपल्या आज्या नळाला फडकं बांधायच्या, ते आठवलं.)

१९९८ ते २००४ त्या संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेच्या, नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या, संचालक होत्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. महिला संशोधकांसाठीचा 'ॲडव्हान्स' कार्यक्रम त्यांच्याच काळातला. पुढे २०१० चा स्टॉकहोम वॉटर प्राइझही मिळाला.

तेव्हा आधी एखादा प्रश्न धरून वीसेक वर्षं काम करा. खुर्चीचं नंतर बघू.