जामीन मित्राला, नोटीस आपल्याला

प्रश्न : आमची कंपनी बंद पडली आणि पगारातून कापला जाणारा पतसंस्थेचा हप्ता थांबला. पाळीतल्या एका मित्राच्या कर्जाला मी आणि आणखी एक सहकारी जामीन आहोत. आता नोटीस मला आली आहे. मित्र फोन उचलत नाही. आधी त्याच्याकडून वसूल करा, असं संस्थेला सांगता येईल का?

उत्तर : नाही. भारतीय करार कायदा, 1872च्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पण नोटीस म्हणजे वसुलीचा हुकूम नव्हे. त्यासाठी संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960च्या कलम 101 खाली वसुली दाखला घ्यावा लागतो, आणि आधी सुनावणी होते. पुष्कळ जामीनदार तिकडे फिरकतच नाहीत. तिथेच फसतात, कारण दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज (वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीची मागणी) करायचा तर थकबाकीच्या 50 टक्के आधी भरावे लागतात. बेकाराने ते आणायचे कुठून?

सुनावणीत कर्जखात्याचा उतारा मागा आणि पगारपावत्यांशी ताडून पाहा. कंपनीने कापलेले शेवटचे हप्ते संस्थेत जमाच न होणं, हा प्रकार बंद पडताना होतो. मित्राचे संस्थेतले भाग (शेअर) आणि ठेवी कर्जात वळत्या केल्या का, हेही विचारा. हप्ते लहान करून मिळावेत, असा अर्ज तिघांच्या सह्यांनी द्या आणि पोच घ्या.

मित्र बहुधा शरमेने टाळतोय. त्याच्या घरी जा, पण तगाद्याला नको. या अर्जावर सही घ्यायला जा. त्याची ग्रॅच्युइटी यायची असेल, तर ती आल्यावर ठरावीक रक्कम भरीन, असं त्याच्याकडून लेखी घ्या. ग्रॅच्युइटी आणि पीएफवर जप्ती आणता येत नाही, त्यामुळे त्याच्या राजीखुशीलाच किंमत आहे.

तुम्हाला भरावंच लागलं तर पावतीवर ‘जामीनदाराकडून’ असं लिहून घ्या. करार कायद्याच्या कलम 145 प्रमाणे ती रक्कम मित्राकडून मागता येते. तुमच्या वाट्यापेक्षा जास्त भरलंत, तर त्याच कायद्याच्या कलम 146 प्रमाणे जास्तीचं दुसऱ्या जामीनदाराकडून. दाव्याची मुदत तीन वर्षं.

प्रश्न : आम्ही दहाबारा बेकार मित्र मिळून भिशी लावावी का?

उत्तर : लिलावाची, म्हणजे जो सर्वांत जास्त रक्कम सोडेल त्याला आधी मिळणारी, तर मुळीच नको. सर्वांत अडलेला माणूस तोटा सोसून पहिल्यांदा उचलतो आणि पुढे हप्तेही त्याचेच थकतात. त्यापेक्षा ऐपतीप्रमाणे वर्गणी काढा, दोघांच्या सहीचं बँक खातं ठेवा. दिलेले पैसे परत मागायचे नाहीत, हे पहिल्या दिवशीच ठरवा. खर्च मुलांची फी आणि औषधं एवढाच; फी थेट शाळेत भरा.