हिमोफिलियात बदललेला गुडघा किती वर्षं टिकतो?

तुमच्या भावाला तीव्र हिमोफिलिया ए आहे, गुडघा पार कामातून गेलाय, आणि बदलला तर किती वर्षं टिकेल असं तुम्ही विचारलंय. जंतुसंसर्ग आणि सांधा सैल होणं, दोन्हींचा धोका साध्या झिजेच्या रुग्णापेक्षा जास्त. तरी बहुतेकांचा १० वर्षांनंतरही चालू असतो, आणि दुखणं खूपच कमी होतं. पण वर्षं मोजण्याआधी पुढचे दोन महिने फॅक्टर (हिमोफिलिया ए मध्ये कमी असलेलं, रक्त गोठवणारं फॅक्टर आठ हे प्रथिन, इंजेक्शनने देतात) कोण देणार, ते विचारा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचा बदललेला गुडघा ऑपरेशनच्या टेबलावर ९० अंश वाकला होता. पाचव्या दिवशी जखम कोरडी दिसली म्हणून सर्जननी फॅक्टर बंद केला. सातव्या दिवशी मी पाय हातात घेतला, तर वाटीच्या वरचा भाग गरम, कातडी ताणून चकचकीत, आणि वाकवण ४० वर अडलेली. आत रक्त साचलं की तंतू धरतात आणि मांडीचा स्नायू हाडाला चिकटतो. तो गुडघा शेवटी ५५ अंशांवर राहिला. एवढ्या वाकणीत जिनाही नीट चढता येत नाही. सर्जनचं म्हणणं, व्यायामाने रक्तस्राव झाला. साफ चूक. व्यायाम डोसनंतर लगेच, पातळी वर असतानाच करायचा असतो. डोसच नव्हता.

हिशोब अवघड नाही. एका किलोमागे १ युनिट दिलं की फॅक्टर आठ सुमारे २ टक्के वाढतो. वजन ६० किलो, पातळी शून्याजवळ, १०० टक्के हवी: ६० × १०० ÷ २ = ३००० युनिट. अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, ८ ते १२ तासांचं, त्यामुळे साधारण तेवढ्याच अंतराने निम्मा डोस, आणि रोज पातळी मोजून फेरफार. पहिले ३ दिवस किमान ६० ते ८० टक्के, सहाव्या दिवसापर्यंत ४० ते ६०, दोन आठवडे होईपर्यंत ३० ते ५०. टाके किंवा स्टेपल काढतानाही डोस. पुढे कित्येक आठवडे व्यायामाआधी. एवढा साठा हातात आल्याशिवाय तारीख घेऊच नका. हेमॅटॉलॉजिस्टला (रक्तविकारतज्ज्ञाला) न विचारता तारीख देणारा सर्जन असेल, तर दुसरा शोधा.

आधी फारच कमी वाकणारा गुडघा नंतरही फार वाकत नाही, हे भावाला आत्ताच सांगा. मांडीचे व्यायाम ऑपरेशनआधीच सुरू करा.

हा हिशोब इनहिबिटर (दिलेला फॅक्टर निकामी करणारी, शरीरानेच बनवलेली प्रतिपिंडं) नसलेल्यांसाठी. ती तपासणी ऑपरेशनच्या अगदी तोंडावर पुन्हा हवी. इनहिबिटर निघाला तर साध्या फॅक्टरवर विसंबता येत नाही, बहुधा बायपासिंग औषधं, म्हणजे फॅक्टर आठला वळसा घालून रक्त गोठवणारी औषधं, लागतात. एमिसिझुमॅब (फॅक्टर आठचं काम करणारं, रक्तस्राव टाळण्यासाठीचं इंजेक्शन) चालू असेल तर एपीटीटी ही रक्त गोठण्याची तपासणी नॉर्मल दिसून फसवते, फॅक्टर आठ गाईच्या अभिकर्मकांच्या (तपासणीच्या रसायनांच्या) क्रोमोजेनिक, म्हणजे रंगावरून मोजायच्या, पद्धतीनेच मोजायला सांगा. रक्तस्राव वाढवणारी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं नको, स्नायूत इंजेक्शनही नको.