आधी घरी खरं सांग, मग सहीचं बघू

पत्र:
मावशी, मी 26 वर्षांची, नाशिकची, इंदिरानगरला राहणारी. एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. गेल्या ऑगस्टपासून जपानच्या जेट कार्यक्रमातून तिथल्या उत्तरेकडच्या एका लहान गावात सहायक इंग्रजी शिक्षिका आहे. वर्गात मला फक्त धडा मोठ्याने वाचायला उभं करतात. शिक्षकांच्या खोलीत दिवसभर कुणी बोलत नाही. मी शाकाहारी, त्यामुळे शाळेच्या जेवणात भाताशिवाय हाती काही लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी दार लावलं की सोमवारपर्यंत कुणाशी एक शब्द नाही. घरी मात्र सगळं छान चाललंय असं सांगते. कॉलच्या आधी तोंड धुते, केस नीट करते, मागे भांड्यांचा ढीग दिसणार नाही अशी बसते. बाबांनी अख्ख्या सोसायटीत सांगितलंय. पुढच्या वर्षाच्या कराराचा कागद फेब्रुवारीच्या सुरुवातीला द्यायचाय. परत आले तर लोक म्हणतील जमलं नाही, आणि आईने स्थळं बघायला सुरुवात केलीच आहे. काय करू?
ता. क. 27 फेब्रुवारीला वर्गात मराठीचं काही केलं तर चालेल का? नेमणूक इंग्रजीसाठी आहे.

उत्तर:
प्रिय मुली,

तू विचारलंस सही करू की नको. मला मात्र तुझ्या पत्रातलं ते तोंड धुणं जास्त टोचलं. दिवसभर शाळेत कुणी बोलत नाही म्हणून तू थकतेस, आणि ज्यांच्याशी बोलून तो थकवा उतरावा त्यांच्यासमोर रोज आनंदी दिसण्याचं काम करतेस. म्हणजे तुझ्या अख्ख्या दिवसात खरं बोलायला जागाच उरलेली नाही. अशा मनाने केलेली सही काय आणि नाकारलेली सही काय, दोन्ही लोकांच्या धाकानेच होणार. म्हणून आधी घरी सांग.

कधी सांगायचं हेही ठरव. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. नाशिकला जेवणं आटोपून आई साडेनऊला फोन हातात घेते तेव्हा तुझ्याकडे रात्रीचा एक वाजलेला असतो, आणि सकाळी आठला तू शाळेत हवी असतेस. अर्धा थकवा तर या वेळेचाच असणार. रोजचा रात्रीचा कॉल बंद कर. रविवारी आपल्याकडे सकाळचे आठ, म्हणजे तुझे साडेअकरा, ही वेळ ठेव. बाबा तेव्हा चहा घेत निवांत असतील. तोंड धुवायचं नाही, भांडी लपवायची नाहीत. सांग, "बाबा, इथे मला फार एकटं वाटतं. मी अजून काही ठरवलेलं नाही. तुम्ही फक्त ऐका." ते गडबडतील, बहुतेक "लगेच ये" म्हणतील. रागावतीलही कदाचित. पहिल्या कॉलमध्ये कशाचाच निकाल लागणार नाही, लावूही नकोस. सोसायटीतल्या लोकांना काय सांगायचं हा प्रश्न बाबांचा. तो तू सातासमुद्रापलीकडे डोक्यावर घेऊन बसू नकोस.

आता शाळेचं. नाशिकला फळा तुझा होता, वर्ग तुझा होता, पेपरसुद्धा तू काढायचीस. तिथे कडेला उभं राहून वाचायचं हे लागणारच, आणि ते तुझ्या इंग्रजीत काही कमी आहे म्हणून नाही. हा कार्यक्रम 1987 मध्ये 4 देशांतल्या 848 जणांनिशी सुरू झाला, तेव्हापासून परदेशी माणसाची वर्गातली भूमिका मदतनिसाचीच आहे. वर्गाची जबाबदारी तिथल्या परवानाधारक शिक्षकाची. पण मदतनीस किती मदत करतो हे शाळेशाळेत बदलतं, आणि ते बरंचसं मागण्यावर अवलंबून असतं.

तुझ्याशी कुणी बोलत नाही याचा अर्थ तू लावला आहेस तसाच असेल असं मला वाटत नाही. ओईसीडी या अनेक देशांच्या आर्थिक संघटनेच्या 2018 च्या पाहणीत जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचा आठवडा 56 तासांचा निघाला. बाकी देशांची सरासरी 38 च्या आसपास होती. तास संपले की मुलांचे क्लब, शनिवार-रविवारी त्यांचे सामने, वर कागदपत्रं. त्यात इंग्रजी बोलायचं म्हणजे चुकू ही धास्ती. शेजारच्या टेबलावरची बाई तुला टाळत नसेल, दमलेली असेल. तिला बोलायला लावू नकोस, लिहून दे. गुरुवारी दुपारी अर्ध्या पानाची चिठ्ठी तिच्या टेबलावर ठेव: पुढच्या आठवड्यात कोणतं पान आहे? त्यावर मी दहा मिनिटांचा हा खेळ घेऊ का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. खूण करायला पाच सेकंद लागतात. पहिल्या दोन-तीन चिठ्ठ्या तशाच पडून राहतील. तरी ठेवत राहा.

मुलांकडे जायला तर तुला कुणाची परवानगीच नको. सफाईच्या वेळी मुलं फडकं घेऊन गुडघ्यावर बसून लाकडी जमीन पुसतात, तेव्हा तूही एक फडकं घे. शाळा सुटल्यावर एखाद्या क्लबमध्ये जाऊन उभी राहा, बॅडमिंटन असो की सुलेखन. वर्गात गप्प बसणारी मुलं फडकं पिळताना बोलतात.

जेवणाचं लगेच सोडव, ते पुढे ढकलू नकोस. तिथे भाजी दिसली म्हणजे शाकाहारी असं नसतं. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यांत दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, असते, आणि ती बहुतेकदा सुकवलेल्या माशाच्या किसाची. तयार करीच्या वड्यांतही बहुतेकदा प्राण्यांची चरबी असते. "मी शाकाहारी" एवढं म्हटलं की पुष्कळांना वाटतं मांसाचे तुकडे बाजूला काढले की झालं. म्हणून जपानीत लिहून दे: मांस नको, मासे नकोत, माशाची दाशीही नको, समुद्री शेवाळाची चालेल. आणि शाळेचं जेवण बंद करून डबा आणायची रीतसर परवानगी माग. जेवणाचे पैसे महिन्याचे असतात, तेव्हा थोडं आधी सांगावं लागेल. मात्र डबा शिक्षकांच्या खोलीत एकटीने खाऊ नकोस. पांढरे एप्रन घातलेली मुलं वर्गात वाढतात आणि सगळे एकदम "इतादाकिमासु" म्हणून सुरुवात करतात, तिथे त्यांच्यात बसून खा. तुझ्या डब्यातली पिवळी बटाट्याची भाजी बघून कुणीतरी विचारेलच.

थंडीचं तू काहीच लिहिलं नाहीस, पण मला तीच मोठी वाटते. निफाडचा पारा उतरला की आपण स्वेटर काढतो, आणि दुपारी ऊन असतंच. तिथे उत्तरेला जानेवारीत साडेचारच्या सुमाराला अंधार पडतो, घरात फक्त बसल्या खोलीपुरती ऊब. उजेड कमी झाला की मन खचतं, हे शरीराचं आहे, तुझ्या जिद्दीचं नाही. शनिवारी सकाळी अकराच्या आत घराबाहेर पड, बर्फ असला तरी. गावात कोमिनकान असेल, आपल्या समाजमंदिरासारखं. तिथे जपानीचे, स्वयंपाकाचे, कसले ना कसले वर्ग चालतात. एका वर्गात नाव घाल. शनिवार-रविवारचा मुका वेळ मोडायला आठवड्यातला एक ठरलेला तास पुरतो.

हे सगळं करूनही झोप येत नसेल, अन्न नकोसं झालं असेल, किंवा आपण नसलेलंच बरं असा विचार एकदाही आला असेल, तर माझ्या उत्तराची वाट बघायची नाही. डॉक्टरकडे जा, तिथल्या आरोग्य विम्यात तुला खर्चाचा 30 टक्के भागच भरावा लागतो. टोकियोची टेल ही संस्था 1973 पासून इंग्रजीत फोनवर ऐकून घेते. तुमच्या प्रांताचा जेट सल्लागार असतो, त्यालाही कळव. त्याचं ते कामच आहे.

आता सही. करार एकेका वर्षाचा असतो, जास्तीत जास्त पाच वर्षं. पुढचं वर्ष न घेणं हा त्या कराराचाच भाग आहे, त्यात नामुष्की कसली? मात्र मधेच सोडून येऊ नकोस, तब्येतीचं कारण असेल तर गोष्ट वेगळी. करार पुरा केलास तर परतीचं तिकीट मिळतं, मधे सोडलंस तर ते तुझ्या खिशातून. परत आल्यावर तिथे भरलेल्या निवृत्तिवेतनाची काही रक्कम एकरकमी परत मागता येते. देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज कर, विसरू नकोस.

आणि एक गोष्ट तिथे राहून तुला दिसली नसेल. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि शिक्षकांच्या बदल्याही तेव्हाच होतात. म्हणजे ज्या खोलीत आज कुणी बोलत नाही, तिथली काही माणसं एप्रिलमध्ये बदललेली असतील. त्या खोलीकडे बघून पुढच्या वर्षाचा निर्णय घेऊ नकोस. कागद द्यायच्या आदल्या रविवारी एवढंच स्वतःला विचार: गेल्या महिन्यात शिकवताना मला एकदा तरी बरं वाटलं का, आणि पोटभर जेवून मी झोपले का. दोन्हीला नाही असेल तर सही करू नकोस. माझं मत विचारशील तर डबा, चिठ्ठी आणि रविवारचा कॉल, एवढं बदलून मगच ठरव. हातात जवळजवळ महिना आहे.

स्थळांचं आईला वेगळ्या दिवशी सांग. "जपानहून परत येणं" आणि "लग्न" एकाच बोलण्यात आलं की तुझं परतणं म्हणजे लग्नाला होकार असा अर्थ घरात आपसूक निघेल.

मराठीचं विचारलंस, जरूर कर. मुलांनी इतर देशांची ओळख करून घ्यावी हा या कार्यक्रमाचा हेतूच आहे, आणि 27 फेब्रुवारी हा आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांचा वाढदिवस. इंग्रजीतून दहा मिनिटं घे. मुलांना त्यांचीच अक्षरमाला म्हणायला लाव: आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. नंतर आपली फळ्यावर लिही. क्रम इतका सारखा कसा हे त्यांनाच विचार. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या वर्णमालेचा अभ्यास केला, त्यातून तिथे ही मांडणी रुजली. मग प्रत्येकाचं नाव देवनागरीत लिहून दे. नावांची यादी त्या शेजारच्या बाईंकडून आठवडाभर आधी माग आणि कुठे स्वर लांब आहे ते त्यांच्याकडूनच तपासून घे. युकी आणि यूकी ही तिथे दोन वेगळी नावं आहेत. रोमन लिपीत तो फरक बहुतेक वेळा गळून जातो, आपल्याकडे त्याला ऱ्हस्व-दीर्घ उकार आहेत.

तुझी मावशी