हात वर कर गं

“आई व्यायाम करतच नाहीत हो. आणि खरं सांगू? आता करून तरी काय उपयोग, असं वाटायला लागलंय.”

हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलंय. कधी सून म्हणते, कधी मुलगा, कधी पंचाहत्तरीतले काका आपल्या बायकोबद्दल. घरात स्मृतिभ्रंशाचं, म्हणजे डिमेन्शियाचं निदान झालेलं असतं. अशा घरच्यांबरोबर मी काम करते. फिजिओथेरपिस्टनं खुर्चीत बसून करायच्या व्यायामांचा कागद दिलेला असतो. तो फ्रिजवर चिकटवलेला असतो आणि रोज सकाळी त्या कागदावरून घरात रडारड होते.

गेल्या वर्षी एक सूनबाई सासूला घेऊन आल्या. सासूंना इथे नुसतं काकू म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार, होऊन चार वर्षं झालेली. आधी दोनदा न्हाणीघरात पडल्या होत्या, म्हणून घरच्यांनी त्यांना खुर्चीतून उठूच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. परिणाम व्हायचा तोच झाला. मांड्या ढिल्या पडल्या, कमोडवरून उठवायला दोन माणसं लागू लागली.

“मी दहापर्यंत आकडे मोजते,” सूनबाई सांगत होत्या. “आई, हात वर करा. आई, पाय उचला. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. परवा हात धरून वर केला, तर ओरडल्या, ‘मारतीयस का मला?’ शेजारच्यांनी ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

मी विचारलं, “व्यायामानं काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?”

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग हळूच म्हणाल्या, “त्यांनी मला ओळखावं.”

त्यांचं खरं दुखणं हे होतं. त्या व्यायाम घेत नव्हत्या, हरवलेली सासू परत मागत होत्या. आणि काकूंनी हात वर केला नाही की रोज सकाळी नापास होत होत्या.

अशा वेळी मी खोटी आशा लावत नाही. २०१८ साली इंग्लंडमधल्या सुमारे ५०० रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांनी चार महिने नेटानं व्यायाम केला, त्यांची शारीरिक क्षमता वाढली. विस्मरणाचा वेग मात्र कमी झाला नाही. सूनबाईंना मी हे स्पष्ट सांगितलं. त्या रडल्या. पण पुढच्या वेळी आल्या तेव्हा आवाजातला ताण उतरलेला होता.

आणि त्याच दुसऱ्या भेटीत मला काकूंचे पाय दिसले.

आम्ही दोघी बोलत होतो, काकू शेजारच्या हातांच्या खुर्चीत गप्प बसल्या होत्या. साडीच्या काठाखाली त्यांचे पाय हलत होते. टाच टेकली की चवडा उचलायचा, चवडा टेकला की टाच. एका लयीत, न थकता. डॉक्टर ज्याला अस्वस्थपणा म्हणाले असते ते हे नव्हतं. त्याला ताल होता.

“काकू पूर्वी काय करायच्या?”

“शिवणकाम. पायमशीनवर तीस वर्षं. अख्ख्या गल्लीची ब्लाउजं त्यांनीच शिवली.”

फ्रिजवरच्या कागदावरचा पहिला व्यायाम हाच होता! बसल्या जागी टाच-चवडा वरखाली करणं. काकू तो दिवसभर करत होत्या, फक्त कुणाच्या सांगण्यावरून नाही.

अल्झायमरमध्ये नुकतं घडलेलं साठवणारा मेंदूचा भाग लवकर झिजतो. वर्षानुवर्षांच्या सरावानं हातापायांत बसलेल्या सवयी मेंदूच्या दुसऱ्या भागांवर चालतात आणि खूप उशिरापर्यंत टिकतात. टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं पुन्हा पुन्हा सांगितलं, की आजाराच्या आधी माणूस बघा. मी त्याच वाटेनं काम करते. म्हणून घरच्यांना माझा पहिला प्रश्न असतो, की या हातांनी जन्मभर काय केलं?

काकूंचा मुलगा उत्साहानं म्हणाला, “माळ्यावरची मशीन खाली काढू का?” मी नको म्हटलं. सुई नको आणि बिनपाठीचं स्टूल तर नकोच. मापाची टेप पुरे.

तिसऱ्या भेटीला सूनबाईंनी शिंप्याची टेप आणली. मी त्यांना काकूंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी खुर्ची घेऊन बसायला सांगितलं. एक शब्दही सूचना द्यायची नाही, टेप फक्त त्यांच्या मांडीवर ठेवायची. काकूंनी टेप उलगडली. बोटांनी चाचपली, गळ्यात घातली. मिनिटभर काहीच नाही. सूनबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी मानेनंच थांबा म्हटलं. मग काकू पुढे वाकल्या, टेपेचं एक टोक सुनेच्या खांद्याला लावलं आणि वैतागून म्हणाल्या,

“हात वर कर गं.”

सूनबाईंनी हात वर केला. टेप लांबवायला काकूंचाही हात वर गेला, खांद्याच्या पुष्कळ वर. चार महिने जो हात हलत नव्हता तो. मग दुसरी बाजू, मग छाती, त्यासाठी कमरेतून वळणं आलं. हुकूम देणारी बाजू बदलली होती, बस्स. इतक्या वर्षांच्या कामात मी फार थोड्या वेळा इतकी शांत बसले असेन.

आता उपयोगाचं सांगते. खांदा मोकळा राहिला तर ब्लाउज घालताना झटापट होत नाही. मांड्यांत जोर राहिला तर उठताना आधार कमी लागतो आणि सांभाळणाऱ्याची कंबर वाचते. उठण्याआधी पाच-सात वेळा टाच-चवडा केलं की पायातलं रक्त वर सरकतं, एकदम उठल्यावर येणारी चक्कर कमी होते. अंग हलल्यानं पोट साफ व्हायला मदत होते. खुर्ची जड, हाताची, बिनचाकांची हवी. प्लॅस्टिकची असेल तर भिंतीला टेकवा. तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. संध्याकाळी बरेच रुग्ण बिथरतात, म्हणून सकाळची वेळ घ्या, पण जेवण झाल्या झाल्या नको. छातीत दुखलं, धाप लागली की थांबा. कोणत्या हालचाली चालतील हे आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा; ते माझं काम नाही.

तोंडी सूचना मात्र जवळजवळ बंद करा. समोर बसा, स्वतः करा, वाट बघा. कुणी भाकरी थापेल, कुणी टाळ धरेल, निवृत्त कंडक्टर असतील तर दोरी ओढून डबल बेल देतील. आकडे मोजू नका. आज नाही केलं तर नाही.

परवा सूनबाई एकट्याच भेटायला आल्या होत्या. काकू आता कमी बोलतात. सुनेला नावानं ओळखत नाहीत, गिऱ्हाईकच समजतात. पण रोज सकाळी माप घेतात. त्या दिवशी कमरेला टेप गुंडाळली, आकड्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, मग वर बघून म्हणाल्या,

“वाळलीस गं. जेवतेस का नाही?”