गुकेश–डिंग १४वा डाव: 'हत्ती एफ२' ही चूक नेमकी का?

बुद्धिबळाच्या जागतिक अजिंक्यपद लढतीच्या या शेवटच्या डावात डिंगने हत्ती एफ२ घरात आणून हत्तींची मारामारी (अदलाबदल) देऊ केली आणि तो हरला. पण हत्तींची मारामारी आपोआप हरणारी नसते. इथे घात केला ए८ वरच्या डिंगच्याच उंटाने. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, लढतीत दोघांचे गुण ६.५–६.५. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या डिंगकडे: हत्ती, उंट, एक प्यादे. गुकेशकडे तेच, पण प्यादी दोन. हत्ती पटावर असेपर्यंत हे अंतपर्व (मोजक्या मोहऱ्यांचा शेवटचा टप्पा) बरोबरीचं, फक्त कंटाळवाणं.

५५व्या चालीत डिंगने हत्ती एफ२ वर आणून अदलाबदल देऊ केली. गुकेशने हत्ती मारला, डिंगच्या राजाने परत मारला आणि मग गुकेशचा उंट डी५ वर आला, ई५ वरच्या स्वतःच्या राजाच्या आधाराने. कोपऱ्यातल्या उंटाला ए८–एच१ हा एकच कर्ण असतो; तो अडला की सुटका नाही. बी७ किंवा सी६ वर गेला तरी मारला जातो. म्हणजे उंटांचीही अदलाबदल सक्तीची. उरतात राजे आणि दोनास एक प्यादी, काळा राजा पटाच्या मध्यावर. ५८व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.

घड्याळातही डिंग बराच मागे होता. अशा वेळी मोहरी कमी करून सुटायचा मोह होतो. मारामारीआधी एवढंच तपासा: उरलेला उंटही जबरदस्तीने बदलला गेला, तर निव्वळ प्याद्यांचं अंतपर्व वाचतं का?